भरून राहिलो

सरांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "मंग? का करशील?"

आमच्या नागपूरकडे 'का' म्हणजे 'काय'. बाकीचा महाराष्ट्र ज्याला 'का' म्हणतो, त्याच्यासाठी आमच्याकडे 'काहून' आहे. तेव्हा सरांचा प्रश्न तसा साधाच होता. बरं, हे तुला कळलं, आता पुढे काय करणार? पण तो असा धाडकन यायचा की आपण ही बातमी आणलीच कशाला, असं आणणाऱ्याला वाटायचं. "सर, आज ऊन भल्लं तापून राहिलं." "मंग? का करशील?" तोंडाला दुपट्टा बांधून जाईन म्हटलं, तर मान डोलवायचे. नुसतंच हसलं, तर म्हणायचे, "म्हंजे गप्पा मारून राहिली."

आम्हाला एमबीएला ते एमआयएस शिकवायचे. विषयाचं पूर्ण नाव इतकं लांबलचक होतं की ते कोणी घ्यायच्या फंदात पडत नसे. संस्थेत कोणाला, कोणती माहिती, कधी मिळावी, याची शिस्त लावायची, एवढंच त्या विषयात असतं. पुस्तकात त्यावर ढीगभर व्याख्या होत्या. सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि आपली व्याख्या सांगितली. "जे ऐकून मानूस काही करते, ते माहिती. जे ऐकून काहीच करत नाही, त्या गप्पा. गप्पा वाईट नाहीत. पन त्यायचा रिपोर्ट नाही बनवाचा."

आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेत येईल का?"

"आलं तर? का करशील?"

"पाठ करीन, सर."

"मंग माहिती आहे. लिही."

सर उंच आणि काटकुळे होते. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि गळ्याचं बटणसुद्धा लावायचे. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. तिचा हॉर्न त्यांनी स्वतः काढून टाकला होता. "नागपुरात हॉर्न ऐकून कोनी बाजूले झालेलं पाह्यलं का तू?" ज्या आवाजानं कोणी काही करत नाही तो आवाज काढायचाच कशाला, असा त्यांचा हिशेब. सीताबर्डीच्या गर्दीतून ते दोन्ही पाय जमिनीला घासत "ओ भाऊ, ओ ताई, जराशी जागा" असं म्हणत जायचे. आणि खरं सांगते, लोक बाजूला व्हायचे.

कॉलेजच्या सूचनाफलकाशी तर त्यांचं वैरच होतं. तासाला येता येता ते फलकापाशी थांबायचे, एकेक सूचना वाचायचे आणि जिच्यामुळे कोणालाच काही करावं लागणार नाही ती टाचणीसकट काढून खिशात टाकायचे. 'सर्वांना कळविण्यात येते की महाविद्यालय प्रगतीच्या वाटेवर आहे' हा कागद मी स्वतः त्यांच्या खिशात जाताना पाहिला. शेवटी प्राचार्यांनी फलकाला काचेचं दार आणि कुलूप बसवून घेतलं. सरांना त्याचा राग आला नाही. उलट वर्गात येऊन म्हणाले, "पाहा, माझ्या वागन्यातून प्राचार्यायले माहिती भेटली. त्यायनं काही तरी केलं."

त्यांनी दिलेला पहिला गृहपाठ मला अजून आठवतो. घरी जायचं आणि आठवडाभर कान उघडे ठेवायचे. घरात कोणता प्रश्न रोजच्या रोज विचारला जातो ते शोधायचं. "ज्या घरात एकच प्रश्न रोज इचाराव लागते, त्या घरात त्या जागी सिस्टम नाही," ते म्हणाले. "दुकान असो, कंपनी असो, दवाखाना असो, हेच पाहाचं."

आमचं घर हुडकेश्वरला. आमच्याकडे सकाळचा पहिला आवाज बाबांचा असायचा. "माझा चष्मा कुठं ठेवला वं?" आई ओट्यापाशी, मी आंघोळीला, भाऊ झोपलेला. उत्तर कोणाकडेच नसायचं, प्रश्न मात्र चुकायचा नाही. मी दाराशेजारी बाबांच्या हाताच्या उंचीवर एक खिळा ठोकला आणि चष्म्याला दोरी बांधली. आठवड्याच्या शेवटी वर्गात बाकीच्यांनी रंगीत आकृत्या आणल्या. कोणी मोबाइलवर चालणारं ॲप काढून आणलं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, खिळा ठोकला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आता तुहे बाबा सकाळी का इचारतात?"

"आता काहीच नाही विचारत, सर. चष्मा घालून पेपर वाचतात."

"बस," सर म्हणाले. "याले म्हनतात सिस्टम. सॉफ्टवेअर नाही, काही नाही. एक खिळा." तेव्हापासून माझं नाव 'खिळावाली' पडलं ते पडलंच.

एकदा त्यांनी आम्हाला लकडगंजमध्ये एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे नेलं. शेठजींनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि रोज सकाळी त्यांच्या टेबलावर मालाचा भलामोठा छापील रिपोर्ट यायचा. शेठजी अभिमानानं गठ्ठा दाखवत होते. सरांनी विचारलं, "शेठजी, यह पढ़कर आप करते क्या हो?"

शेठजींनी आमच्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि प्रामाणिकपणे एक कागद उलटा केला. "साहब, इसके पीछे लकड़ी का नाप लिखते हैं."

परत येताना सर बसमध्ये कितीतरी वेळ आपल्याशीच हसत होते. "समजलं का पोट्टेहो? त्या रिपोर्टची उपयोगाची बाजू कोरी आहे."

सेमिस्टर संपलं की ते सगळ्या वर्गाला धरमपेठेतल्या आपल्या घरी चिवड्याला बोलवायचे. काकू मूळच्या पुण्याच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. आमच्याशी बोलताना सर अस्सल नागपुरी. "चिवडा कमी काहून घेतला बे?" आणि त्याच दमात स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अगं, पाणी आणतोय मी, तू बस." आणून राहिलो नाही. आणतोय. मला तेव्हा गंमत वाटली, मी ती मनात ठेवून दिली. पुढे तिचाच उपयोग होईल, हे काय माहीत.

शेवटच्या वर्षी मला नोकरी लागली. आमच्या वर्गात ती पहिलीच. धरमपेठेजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात एमआयएसचं काम. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. एमआयएस म्हणजे का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "ते दवाखान्याचं सगळं पाहते." आईनं संत्रा बर्फी वाटली. दवाखान्याची एकच अट होती. महिनाअखेरच्या आत शेवटच्या परीक्षेचा निकाल दाखवायचा, नाही तर यादीतला पुढचा उमेदवार. निकालाची मला काळजी नव्हती. पेपर चांगले गेले होते.

निकाल लागला, आणि एमआयएसच्या अंतर्गत गुणांपुढे लिहिलेलं होतं 'अनुपस्थित'. एमआयएसमध्ये! ज्या विषयाचा एक तास मी बुडवला नव्हता त्या विषयात! मी एकटीच नव्हते, अर्धा वर्ग अनुपस्थित होता. आडनावांच्या यादीतल्या पहिल्या अर्ध्यांना गुण होते, आणि खालचे सगळे गायब. माझं आडनाव 'व'नं सुरू होतं.

झालं असं होतं. अंतर्गत गुण आता पोर्टलवर भरायचे असतात आणि ते पोर्टल चालवणारी कंपनी पुण्याची. प्रत्येक शिक्षकानं आपल्या विषयाचे गुण स्वतः भरायचे. सरांना कॉम्प्युटर उत्तम यायचा, पण गुण भरायला ते सगळ्यांत जास्त वेळ घ्यायचे. एक नाव उघडायचं, तो पोरगा कसा होता, त्यानं काय केलं होतं, हे आठवायचं, मग एका बोटानं आकडा दाबायचा. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळी यादी अर्धीच झाली होती. पुण्याहून कंपनीच्या मदतनिसाचा मेसेज आला. 'सर, आज पोर्टल बंद करायचं आहे. तुमचे मार्क भरून झाले का?'

सरांनी उत्तर टाकलं, 'भरून राहिलो'. आणि पुढे उभा अंगठा.

नागपुरात शेंबड्या पोरालाही कळेल की याचा अर्थ 'भरतोय, थांब जरा'. पुण्याच्या त्या मुलानं वाचलं, 'भरून मोकळा होऊन बसलोय', आणि अंगठा पाहून तर त्याची खात्रीच पटली. त्यानं तत्परतेनं पोर्टल बंद केलं. रिकाम्या रकान्यांचं काय करायचं, हे पोर्टलला आधीच शिकवलेलं होतं. रिकामं म्हणजे अनुपस्थित.

आता खरं तर याच्यासारखा धडा नाही. निरोप देणाऱ्याच्या मनात काय होतं त्याला काही किंमत नाही, ज्याला मिळाला त्याला जे समजलं तीच माहिती, हे आम्हाला कोणी शिकवलं होतं? सरांनीच. वर्षभर घोकून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, सर हसतील, कपाळाला हात लावतील आणि लगेच निस्तरतील.

सर बिथरले. "मराठी येत नाही त्याले!" वऱ्हांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं ते ओरडत होते. "भरून राहिलो म्हंजे भरून राहिलो! यात न समजन्यासारखं का आहे?"

कोणीतरी भीतभीत अंगठ्याचा विषय काढला.

"अंगठा म्हंजे 'थांब जरासा'!" सर म्हणाले.

विद्यापीठात चौकशी केली तेव्हा दोन रस्ते कळले. 'तांत्रिक बिघाड' असं कॉलेजनं लिहून दिलं, तर समिती बसणार, पुण्याच्या कंपनीचं म्हणणं घेणार, आणि दिवाळीपर्यंत तरी काही होत नाही. किंवा संबंधित शिक्षकानं स्वतः लिहून द्यायचं की चूक माझी आहे, मग पोर्टल लगेच उघडून देतात. पण मग त्याच्या सेवापुस्तकात शेरा येतो. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी कॉलेजनं त्यांचंच नाव पाठवलं होतं. प्राचार्यांनी त्यांना सांगितलं, "सर, तुम्ही काही लिहून देऊ नका. बिघाड म्हणू आणि मोकळे होऊ." प्राचार्य वाईट नव्हते. सूचनाफलकाचं सगळं सोसूनही त्यांनी सरांचं नाव पाठवलं होतं.

सरांनी काहीच लिहून दिलं नाही. ते कॉलेजलाच येईनात.

दिवस जात होते. दवाखान्यातून फोन आला, निकाल आला का? मी म्हटलं, येऊन राहिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मीही तेच बोलले होते. बाबा काही विचारत नव्हते, तेच जड जात होतं. सकाळी खिळ्यावरचा चष्मा काढायचे, पेपर उघडायचे, आणि पान न उलटता बसून राहायचे. मला सरांचा राग यायला लागला होता. त्यांच्या व्याख्येचा, त्यांच्या प्रश्नाचा, सगळ्याचाच. महिना संपत आला तेव्हा एका दुपारी मी स्कूटी काढली आणि धरमपेठ गाठली.

दार सरांनीच उघडलं. गळ्याचं बटण उघडं होतं. दोन वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"काहून आली वं?"

आत कूलर घरघरत होता. काकूंनी कैरीचं पन्हं आणून दिलं आणि त्याही बसल्या. मी ठरवून आलेलं सगळं विसरले आणि सरळ सांगून टाकलं. "सर, माझी नोकरी जाऊन राहिली. दवाखानेवाले महिनाअखेरपर्यंत थांबून राहिले, मंग दुसऱ्याले घेतात."

"माही चूक नाही त्याच्यात," सर कूलरकडे पाहत म्हणाले. "त्या पोट्ट्यानं इचाराले पाहिजे होतं. समजलं नाही तर इचाराव मानसानं."

"एक मिनिट हं," काकू मला म्हणाल्या. "थांबून राहिले म्हणजे? ते थांबलेत, की थांबायचे होते ते थांबून झालं?"

"थांबलेत, काकू. अजून थांबलेत."

"असं होय." काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. मग त्या सरांकडे बघून हसायला लागल्या. "अहो, येऊन राहिलोची गोष्ट सांगितलीत का कधी हिला?"

"त्याचं इथे काय आहे?" सर म्हणाले. बघा, काकूंशी बोलताना भाषा लगेच बदलली.

"मी सांगते." काकू माझ्याकडे वळल्या. "आमचं नवीन लग्न झालं होतं. हे तेव्हा चंद्रपूरला नोकरीला, मी इथे नागपुरात. घरात फोन नव्हता, शेजारच्यांकडे होता. एक दिवस शेजारच्या बाई निरोप घेऊन आल्या, 'तुमचे मालक येऊन राहिले.' मी पुण्याची. मला वाटलं, आले आणि राहिलेसुद्धा! म्हणजे नागपुरात आलेत, आणि घरी न येता बहिणीकडे मुक्काम ठोकलाय. लग्नाला वर्ष नाही झालं, आणि हे! मी घराला कुलूप लावलं आणि माझ्या मावशीकडे निघून गेले."

"मी पायरीवर बसलो होतो," सर पुटपुटले.

"उन्हात! मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. शेजाऱ्यांनी जेवू घातलं यांना." काकूंना बोलता बोलता हसू आवरेना. "दुसऱ्या दिवशी मी आले तर मला वाटलं आता चिडणार. हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'तुला जे समजलं तेच खरं. चूक माझी. यापुढे तुझ्याशी बोलताना मी येतोय म्हणेन.' आणि तेव्हापासून आजपर्यंत हा माणूस माझ्याशी एकदाही येऊन राहिलो म्हणालेला नाही. सगळ्या नागपूरशी म्हणतो, माझ्याशी नाही. एमआयएस का काय ते तुम्हाला शिकवायच्या आधी हे माझ्यापाशी शिकले होते."

सर हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही जात नव्हता. त्या दोन्हींच्या मधून माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग सर? का कराल?"

बोलले आणि जीभ चावली. सरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग, मग काहीतरी वेगळंच आलं. ते उठले. गळ्याचं बटण लावलं.

"ऑफिस बंद व्हाच्या आधी पोहोचू आपन," ते म्हणाले. "चाल." मग आत वळून, "अगं, मी जातोय. जाऊन येतो."

ते स्कूटरवर पुढे, मी मागे स्कूटीवर. विद्यापीठाच्या रस्त्याला तुफान गर्दी होती. सर नेहमीसारखे "ओ भाऊ, ओ दादा, पोट्टीची नोकरी आहे, जराशी जागा" असं ओरडत चालले होते आणि लोक वळून माझ्याकडे बघत होते. लाजेनं मेल्यासारखं झालं, पण हसूही येत होतं.

ऑफिसातले बाबू भले होते. सरांना खुर्ची दिली आणि मजकूरही सुचवला. "सर, असं लिहा की निरोपाबाबत गैरसमज झाला. म्हंजे कोनावरच येत नाही."

सरांनी पेन थांबवलं. "गैरसमज झाला नाही, बाबूजी. मी केला. ज्याले लिहिलं तो कुठचा आहे ते मले माहीत होतं." आणि तसंच लिहिलं. 'निरोप चुकीच्या पद्धतीने मी दिला, त्यामुळे गुण अपूर्ण असताना पोर्टल बंद झाले.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं. सर कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि उरलेली नावं भरायला लागले. आम्ही खालचे सगळे त्यांच्या पाठीमागे उभे. तीच गत. एक नाव उघडायचं, विचार करायचा, एका बोटानं दाबायचं. आमचा जीव वरखाली होत होता, पण घाई करा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. माझं नाव आलं तेव्हा त्यांनी मागे न बघताच म्हटलं, "खिळा," आणि पैकीच्या पैकी दाबले. सगळं झाल्यावर पुण्याला मेसेज टाकला. मी वाकून वाचला. 'सर्व विद्यार्थ्यांचे गुण भरून पूर्ण झाले आहेत. आता पोर्टल बंद करावे.' असलं शुद्ध मराठी मी त्यांच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. अंगठा नव्हता.

शेरा आला. पुरस्कार गेला, तो दुसऱ्या कॉलेजातल्या कोणाला तरी मिळाला. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्याचा उल्लेख टाळला, पण सर टाळू देतील तर ना. उठून उभे राहिले आणि 'भरून राहिलो'ची गोष्ट अंगठ्यासकट, पायरीवरच्या बर्फीसकट सांगितली. पुढच्या वर्षापासून हे प्रकरण वर्गात शिकवावं, असा आग्रहही धरला. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून पुसले की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही. समारंभ झाल्यावर काचेच्या सूचनाफलकाची किल्ली त्यांनी सरांच्या हातात ठेवली. भेट म्हणून.

दवाखान्यात मी आता जुनी झाले. रुजू झाल्यावर पहिलं काम मी हेच केलं होतं. काउंटरपाशी उभी राहून कोणता प्रश्न सारखा विचारला जातो ते ऐकलं. 'डॉक्टर केव्हा येतात?' दारातच एक फळा लावला, खडूनं वेळा लिहिल्या. काउंटरवरची बाई आता दुपारी निवांत चहा पिते. सर गेल्या वर्षी मोतीबिंदूसाठी आमच्याकडेच आले होते. तपासण्यांचे कागद हातात पडले की प्रत्येक डॉक्टरांना विचारायचे, "हे वाचून तुम्ही का करता?" तिसऱ्या कागदापाशी डॉक्टर अडखळले. तो कागद आम्ही आता छापत नाही.

पण निकालाच्या दिवसाचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवलाय.

सुधारलेला निकाल सकाळीच लागला. बाबांनी चष्मा घालून मोबाइलवर तो वाचला, पुन्हा वाचला, आणि देवाजवळ जाऊन उभे राहिले. आई रडली. दवाखान्याला कळवलं, तिकडून सोमवारी या म्हणाले. मग मी सरांना फोन लावला. पाठ भिंतीला टेकवून उभी होते.

"सर, मी पास झाली."

मी वाट पाहत होते. मंग? का करशील? उत्तरही तयार ठेवलं होतं, सोमवारी रुजू होते म्हणून. पण प्रश्न येईचना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे काकूंचा आवाज, "काय झालं? काय म्हणतेय?"

"पास झाली गं ती," सर त्यांना म्हणाले. मग पुन्हा माझ्याशी, "हाव. बरं झालं वं, पोरी. लय बरं झालं."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही."

"का?"

"मंग का करशील, ते."

सर हसले. रडताना माणूस हसतो तसं. "आता काही कराचं नाही वं. सब झालं. आता बस खाली, आन् गप्पा मार माह्याशी."

मी भिंतीला टेकून तिथंच जमिनीवर बसले. आम्ही कितीतरी वेळ बोललो. काय बोललो, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.